आईच्या फोटोखालचा शब्द

"मावशी, जरा हसा की," सर म्हणाले. आई हसली.

ती क्लासच्या काचेच्या दारात उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांवर मीठ वाळून पांढरं झालेलं, काखेत पिशवी. ती थेट मिठागरातून आली होती. चपला तिने जिन्याखालीच काढून ठेवल्या होत्या. वरची फरशी इतकी चकचकीत होती की तिच्यावर चपला घालून चालणं तिला बरं वाटलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला. सरांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरला.

"अजून थोडं. दात दिसू देत."

आईने दात दाखवले. मिशेरीने काळे पडलेले दात. सरांनी एक फोटो काढला, मग जरा मागे सरकून पायांसकट दुसरा काढला. म्हणाले, "वा! मस्त."

मी आतल्या बेंचवरून बघत होते. मला बरं वाटलं. खोटं का बोलू? आपल्या आईचा फोटो सरांनी स्वतःच्या मोबाईलवर काढला, म्हणून मी बाजूच्या पोरीकडे बघून हसलेसुद्धा.

तो माझ्या आईचा पाणउतारा होता. भर सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत, गोड बोलून केलेला. आम्हा दोघींना तो कळला नाही, इतक्या सफाईने केलेला. आज मी हे लिहायला बसले आहे. दुःखाने नाही, संतापाने.

आमचं गाव खाडीच्या अंगाला आहे. आई-बाबा दोघांचाही जन्म मिठागरात गेला. आमच्या घरात एक रीत आहे. हंगामाचं पहिलं मीठ विकायचं नाही. त्यातलं मूठभर खाडीला द्यायचं, चिमूटभर देवीपुढे ठेवायचं, आणि उरलेलं ज्याने आपलं भलं केलं त्याच्या घरी नेऊन द्यायचं. त्याच्या आदल्या वर्षी ते दवाखान्यातल्या नर्सबाईंना गेलं होतं, कारण त्यांनी वहिनीचं अडलेलं बाळंतपण सोडवलं होतं. त्या वर्षी आईने ते सरांसाठी बाजूला काढलं. मला विचारलंही नाही. उन्हात चालत, मग रिक्षाने, मग परत चालत ती वसई स्टेशनच्या पश्चिमेला आमच्या क्लासपर्यंत आली.

फोटोच्या आधी तिने पिशवी पुढे केली होती. म्हणाली, "सर, हे आमचे आगराचं पयलं मीठ हाय. घ्या. माजी पोर हुशार हाय. तिला नीट शिकवा."

सरांनी पिशवी दोन बोटांनी धरली आणि टेबलाखाली ठेवली.

मी बँकेच्या परीक्षेसाठी क्लास लावला होता. आठवडाभर वालीवला एका गाळ्यात पॅकिंगचं काम करायचे आणि शनिवार-रविवार सकाळी क्लासला जायचे. गणित मला जमायचं. इंग्रजी आलं की अडायचे. त्यातही ते अवघड शब्द. आमच्या शाळेत इंग्रजी म्हणजे धड्याचं मराठीत भाषांतर लिहून घ्यायचं, बस. इथे एकेका शब्दाला चार-चार समानार्थी शब्द. सगळे म्हणायचे, हे सर शब्द डोक्यात खिळ्यासारखे ठोकतात. म्हणून गेले.

पहिल्याच दिवशी घसा कोरडा पडला होता. मी उठून विचारलं, "सर, पानी पिऊन येऊ?"

सर थांबले. म्हणाले, "पानी नाही. पाणी. आधी मराठी शिक बाई, मग इंग्रजीचं बघू."

सगळा वर्ग हसला. सर कसे छान बोलतात! शर्टाला कडक इस्त्री, आवाज मऊ, दादरच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या तोंडून निघालेलं मराठी खरं, आणि माझ्या आईच्या तोंडातलं चुकीचं. मला तेव्हा तसंच वाटलं. मीही त्या हसण्यात हसले. नंतर तहान लागली तरी क्लासमध्ये मी तोंड उघडलं नाही.

सरांची शिकवायची पद्धत साधी होती. "शब्दाला चेहरा चिकटवा," ते म्हणायचे. नुसता अर्थ पाठ करू नका, तो विसरला जातो. त्या शब्दासारखा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. मग माणूस आठवला की शब्द आठवतो. यासाठी ते कार्डं छापून घ्यायचे. पुढे माणसाचा फोटो आणि खाली इंग्रजी शब्द, मागे इंग्रजीतच अर्थ आणि एक वाक्य. मराठी अर्थ कुठेच नाही. मराठीत विचार केला की इंग्रजी येत नाही, असं ते सांगायचे.

आई येऊन गेल्यावर महिन्याभरात नव्या कार्डांची खोकी आली. आम्हा सगळ्यांना एकेक मिळालं. वरून प्लास्टिकचा कागद लावलेला. "सगळी बघून ठेवा, पुढच्या रविवारी उजळणी घेणार," असं सरांनी सांगितलं. मी खोकं घरी आणून फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी वालीवला ओव्हरटाइम होता, मग उघडायचं राहूनच गेलं.

ते आईने उघडलं. पोरीला क्लासात काय दिलंय ते बघावं म्हणून.

मी संध्याकाळी कामावरून आले तर आमच्या ओटीवर आळीतल्या बायका जमलेल्या. मला वाटलं, कुणाचं काही बरं-वाईट झालं. पण सगळ्या हसत होत्या. आरशाच्या चौकटीत एक कार्ड खोचलेलं होतं. त्यावर माझी आई. पायापासून डोक्यापर्यंत, काखेत मिठाची पिशवी, दात दाखवून हसणारी.

"बग गं," आई म्हणाली, "सरांनी माजा फोटू छापला."

तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. दादाच्या लग्नातही नाही. आयुष्यभर मिठाची टोपली वाहिलेली बाई, तिचा फोटो पुस्तकासारख्या गुळगुळीत कागदावर आला होता. तिने चहा केला होता सगळ्यांसाठी.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "माजे नातीने शब्द वाचला. पन अर्थ तिला बी येत नाय. आदर्श माता, आसंच कायतरी असंल ना गं?"

शब्द होता 'अनकूथ'.

मलाही तो येत नव्हता. मी कार्ड आरशातून काढून उलटं केलं. मागचं इंग्रजी साधं होतं, ते मला समजलं. ज्याला रीतभात नाही असा. अडाणी, गावंढळ, चारचौघांत शोभणार नाही असा. खाली वाक्य होतं. त्याचा अर्थ असा, की ती गावंढळ बाई घाणेरड्या पायांनी थेट आत शिरली.

मी ते परत वाचलं. वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. काही चुकत नव्हतं.

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आईसुद्धा. शिकलेली पोर वाचून सांगणार म्हणून वाट बघत होत्या. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. त्या क्षणी मला आदर्श माता म्हणून मोकळं होता आलं असतं. आई खूश झाली असती, कार्ड आरशात राहिलं असतं, आणि येणारा-जाणारा ते वाचून गेला असता. कधीतरी कुणीतरी अर्थ कळणारा आला असता आणि माझ्या आईच्या घरात, माझ्या आईचा चहा पिऊन, मनातल्या मनात हसला असता. नाही. ते मला चालणार नव्हतं.

मी म्हटलं, "आई, आत चल."

आत नेऊन सांगितलं. "आई, याचा अर्थ गावंढळ. रीतभात नसलेली."

"कोन?"

"जिचा फोटो आहे ती."

आईने कार्ड माझ्या हातातून घेतलं. तिला इंग्रजी अक्षर येत नाही, तरी ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग त्याने मला हसायला का सांगितलं?"

हा प्रश्न मी सरांनाच विचारणार होते.

ती बाहेर गेली. मला वाटलं, आता लाजेने काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. पण ती ओटीवर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गावंढळ लिवलंय मला." कपातला चहा कुणी प्यायला नाही. एक बाई म्हणाली, फाडून टाक. आईने मान हलवली. माझ्याकडे वळून म्हणाली, "फाडू नको. त्याच्या तोंडासमोर धर. आनि माजं मीठ परत आन."

आमच्यात दिलेलं मीठ परत मागत नाहीत. भांडण झालं, सोयरीक तुटली, तरी मागत नाहीत. मी जन्मात असं ऐकलं नव्हतं. आईने ते मागितलं, तेव्हा ती किती दुखावली आहे ते मला कळलं.

बायका गेल्यावर मी ते अख्खं खोकं जमिनीवर ओतलं. एकेक कार्ड बघत गेले. पहिल्यांदाच नीट बघत होते. क्लासची आधीची, पाठ केलेली कार्डंही काढली. आणि माझं मलाच कळेना, इतके दिवस मी डोळे कुठे ठेवले होते.

आळशी या शब्दाला सरांच्या सोसायटीचा वॉचमन, खुर्चीत डुलकी लागलेला. रात्रपाळी करून पेंगणारा माणूस आळशी! बडबड्या या शब्दाला भुईगावची मासळीवाली, हात वर करून भाव सांगताना. गलिच्छ म्हणून नाक्यावर कामाची वाट बघत बसलेली आदिवासी बाई, मांडीवर तिचं मूल. आणि वक्तृत्वाला? कोट घातलेले सर स्वतः. निर्मळ, नीटनेटकं यासाठी सरांच्या बायको, रेशमी साडीत, तुळशीच्या कुंडीशेजारी. उदार म्हणून त्यांच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी, हातात पुष्पगुच्छ. चांगले शब्द सगळे त्यांच्या मजल्यावर राहत होते. वाईट शब्द रस्त्यावर, बाजारात, खाडीत.

आणि ते मी पाठ केले होते. जीव तोडून. मासळीवालीचा चेहरा डोळ्यांसमोर आणून मी बडबड्याचा इंग्रजी शब्द घोकला होता आणि बरोबर उत्तराला शाबासकी मिळवली होती. तेव्हा मला काही टोचलं नाही. माझ्या घरचा चेहरा त्या कागदावर आला तेव्हा टोचलं. शब्द त्यांचे, मोबाईल त्यांचा, छपाई त्यांची. आमचे फक्त चेहरे. तेही न विचारता उचललेले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. रविवारची वाट बघणं जड गेलं.

रविवारी वर्ग भरलेला होता. नवीन बॅचची पोरंही मागे बसली होती. सरांनी पडदा खाली सोडला आणि ते कार्डं एकेक करून प्रोजेक्टरवर मोठी दाखवायला लागले. चेहरा आला की सगळ्यांनी शब्द ओरडायचा. वॉचमन आला, ओरडले. सेक्रेटरी आले, ओरडले. आणि मग माझी आई आली. भिंतभर. तिच्या पायांच्या भेगासुद्धा दिसत होत्या.

सगळा वर्ग एका सुरात ओरडला. "अनकूथ!"

माझ्या बाजूला नंदाखाल गावची एक मुलगी बसायची. फक्त ती ओरडली नाही. आई क्लासवर आली होती तेव्हा तिने पाहिलं होतं.

मी उभी राहिले. "सर, ती माझी आई आहे."

आवाज थांबला. सर अजिबात गडबडले नाहीत. हसून म्हणाले, "अगं हो, मला माहीत आहे. किती सुंदर आलाय फोटो! हा शब्द आता कुणी जन्मात विसरणार नाही. तू तर आईचे आभार मान."

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"कार्ड मागे घ्या," मी म्हटलं.

"छापून झालीत ती."

"मग गोळा करा."

"बस खाली. इतकं मनाला लावून घेतलंस तर इंग्रजी कसं येणार तुला?"

"मी बसणार नाही. तुम्ही तिला हसायला का सांगितलं?"

सरांचा मऊ आवाज जरा चढला. "हे बघ, ही शिकवण्याची एक पद्धत आहे. यात वैयक्तिक काही नाही. मीही मराठीच आहे, मला काय तुमच्याबद्दल आकस आहे का?"

तुमच्याबद्दल. त्यांच्या तोंडून निघून गेलं ते.

"आईने मीठ परत मागितलंय," मी म्हटलं.

"कसलं मीठ?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं. "ते होय! ते कामवालीला देऊन टाकलं. तसलं जाडं मीठ आमच्याकडे चालत नाही."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पण मी ओरडले नाही. मी ओरडले असते तर त्यांना शब्द आयताच मिळाला असता. मी चालत पुढे गेले आणि पडद्यासमोर उभी राहिले. आईचा चेहरा माझ्या ड्रेसवर पडला. डोळ्यांत प्रकाश जात होता, पोरं नीट दिसत नव्हती. मी म्हटलं, "ज्याच्याकडे हे कार्ड आहे, त्याने ते मला द्यावं. ती माझी आई आहे. तिला विचारून तिचा फोटो छापलेला नाही."

कुणी हललं नाही. सर म्हणाले, "तमाशा बंद कर." मग नंदाखालची मुलगी उठली. तिने आईचं कार्ड दिलं, आणि मासळीवालीचंही दिलं. म्हणाली, "ही आमच्या वाड्यावर मासळी घेऊन येते. मला हे घरी ठेवायचं नाही." तिच्यामागे आणखी काही जण आले. काही जणांनी खोक्यावर हात ठेवला आणि मान खाली घातली. एक मुलगा म्हणाला, "माझं आहे, मी नाही देणार," आणि सरांकडे बघितलं. त्याचा चेहरा माझ्या लक्षात आहे.

"बाहेर हो," सर म्हणाले. "परत येऊ नकोस. बघतो कुठल्या बँकेत लागतेस ते."

मी मिळाली तेवढी कार्डं पर्समध्ये घातली आणि जिना उतरले.

घरी आईपुढे ती ठेवली. मीठ मिळालं नाही, ते कुणाला दिलं आणि काय म्हणून दिलं, तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. चूल पेटलेली होती. मी म्हटलं, टाक यात. ती म्हणाली, "माजंच तोंड मी कशी जाळू?" तिने कार्डं पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिली.

सरांचा नंतर मेसेज आला. तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. असेल तर! म्हणजे वाटलं नसेल तर नाही. आणि कार्डं मागे घेतो असा एक शब्द नाही. उलट काही महिन्यांनी तीच कार्डं मोबाईलवर फिरायला लागली. आमच्या गाळ्यातला सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत स्क्रीन पुढे करून म्हणाला, "ये देख, मस्त आयडिया आहे, फोटो बघून इंग्लिश शिकायचं." त्यात माझी आई होती. हसत.

मी त्याला सांगितलं ही कोण आहे. आणि म्हटलं, "माझ्यासमोर डिलीट कर." तो कुरकुरला. मी जेवण सोडून त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने केलं. पण त्याला कुणी पाठवलं आणि त्याने पुढे कुणाला पाठवलं, ते सगळे मोबाईल मी कुठून आणू?

परीक्षेला मी बसले. एकटीने अभ्यास करून. तो शब्द पेपरात आलाच नाही. माझ्या आईची लाज ज्या प्रश्नासाठी काढली, तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. यादीत माझं नावही आलं नाही. परत बसणार आहे. शब्द रोज शिकते, सगळे शिकते. कुणाचाही चेहरा न चिकटवता शिकते, आणि ते डोक्यात राहतात. माझ्या माणसांच्या तोंडावर कुणी कुठल्याही भाषेतला शब्द फेकला तर तो मला तिथल्या तिथे समजला पाहिजे.

मध्ये मामाच्या मुलीचं लग्न झालं. हळदीला फोटोग्राफर आला होता, तरुण मुलगा, बिचारा आपलं काम करत होता. त्याने आईसमोर कॅमेरा धरला. "मावशी, स्माईल!"

आई हसली नाही. तिने त्याला विचारलं, "खाली काय लिवनार?"

मांडवातली माणसं हसली. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. आई गंमत करत नव्हती. ती उत्तराची वाट बघत उभी होती, हळद लागलेल्या हाताने पदर घट्ट धरून. माझ्या आईचं हसू सरांनी नेलं आणि ते परत आलेलं नाही. हे मी विसरणार नाही, आणि माफही करणार नाही.

मीठ कामवालीच्या घरी गेलं. ते कुणाच्या तरी जेवणात पडलं असेल, त्याचं मला काही नाही. फोटो मात्र मी सोडणार नाही. ज्या मोबाईलवर दिसेल, त्या मोबाईलसमोर उभी राहीन. सरांच्या प्रत्येक नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी मी त्या जिन्याखाली, आईने चपला काढल्या होत्या त्याच जागी, हातात ते कार्ड घेऊन उभी असते. वर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, ही माझी आई आहे. सरांनी दोनदा हाकलायला माणूस पाठवला. मी हलले नाही. पुढच्या बॅचलाही जाणार आहे. कार्ड मागे घेईपर्यंत जाणार आहे.

आणि आमच्या आळीत, आमच्या आगरात, कुणी मोबाईल उचलून कुठल्याही बाईला हस म्हणाला, तर मी मध्ये येणार. आधी शब्द दाखव. मग फोटो.